समुद्रकाठची सदाफुली, भिलाईच्या भाट्यात

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला, 'परमुलखात रुजलेलं'. माणसांवर लिहिणारे पुष्कळ निघतील, असा हिशेब करून मी झाडाकडे वळलो आणि ते पाहायला छत्तीसगडातल्या भिलाईच्या सेक्टर 6 मध्ये गेलो. या गावाचा समुद्राशी काडीचा संबंध नाही. सगळ्यात जवळचा किनारा बंगालच्या उपसागराचा, आणि तोही शेकडो किलोमीटर दूर. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, पावसाळ्यात चार महिने धो-धो, थंडीत पहाटे स्वेटर लागतो. अशा गावात क्वार्टरच्या कुंपणाशी, गटाराच्या सिमेंटच्या फटीत, पडक्या पायरीच्या कोपऱ्यात बाराही महिने फुललेली जी दिसते ती सदाफुली मूळची समुद्रकाठची आहे. मादागास्कर बेटावरची, वाळूतली आणि खाऱ्या वाऱ्यातली.

घरोघरी असल्यामुळे तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही. नर्सरीतून महागडा गुलाब आणणारा माणूस तिच्यासाठी खुरपीसुद्धा हातात घेत नाही. आणि तिला घालवायची असेल तर लाड करावेत, हे तिच्या बाबतीतलं सगळ्यात मोठं शास्त्र आहे.

स्ट्रीटवरची पाहणी

भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात 1955 मध्ये करार झाला आणि दुर्ग जिल्ह्याच्या माळावर पोलाद कारखाना उभा राहिला. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी केलं. कारखान्याबरोबर वसाहत आली, सेक्टर आले. सेक्टरात स्ट्रीट, स्ट्रीटवर क्वार्टर, आणि पत्ता सांगायचा तो याच्या उलट क्रमाने. सेक्टर 6 म्हटलं की भिलाईकर आधी तिथल्या जामा मशिदीची खूण सांगतो.

नोकरीसाठी माणसं चहूकडून आली. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, बिहारी, ओडिया. आणि मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर, भंडारा, गोंदिया ओलांडलं की दुर्ग येतंच, त्यामुळे आपली वैदर्भीय मंडळीही. मुळात हा भाग मराठी माणसाला नवा नव्हता. छत्तीसगड 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं आणि दुर्ग आधी मध्य प्रांतात आणि मग 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे राजधानी नागपूर. त्यामुळे इथल्या मराठी घरांत अजून वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी ऐकू येते, अधूनमधून हिंदीची फोडणी बसलेली.

क्वार्टरपुढे थोडीशी मोकळी जागा असते. तिथे काय लावायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पेरू, शेवगा, कढीपत्ता, तुळस, जास्वंद, मेंदीचं कुंपण. यांच्या मधल्या उरल्यासुरल्या जागेत सदाफुली. बंगाली घरात ती नयनतारा, तेलुगू घरात बिळ्ळ गन्नेरू, हिंदी बोलणाऱ्यांची सदाबहार. फूल सगळ्यांच्या देवापुढे तेच.

एका क्वार्टरच्या फाटकाशी गुलाबी फुलांची ताटवाच म्हणावी अशी दाटी होती. आतल्या काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले. मी विचारलं, "काकू, ही कधी लावली?"

"लावली कुठं भाऊ? आपली आपणच निघते ते. मी तर उपटूनच राहिली असते. इकडची काढली का तिकडं."

"पाणी रोज घालता?"

"छे! रोज पाणी दिलं का सडते ते. त्या कुंड्यांना देते, त्यातलं उडते तिच्यावर, तेवढंच."

याच काकूंच्या कुंड्यांत नर्सरीतून आणलेल्या संकरित सदाफुलीची तीन रोपं होती. मोठ्या पाकळ्यांची, जर्द लाल. त्यांतलं एक काळं पडून लोळलं होतं. त्या कुंड्यांना रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मिळत होतं. फाटकाशी उगवलेल्या झाडांना पाणीही नव्हतं आणि रोगही नव्हता. या लेखात पुढे जे सांगायचं आहे त्याचा पुरावा त्या दोन हातांच्या अंतरात होता.

टाउनशिपमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. माणूस निवृत्त झाला की बरेचदा क्वार्टर सोडतो. नवा येईपर्यंत ते बंद राहतं. कुंडीतले गुलाब आणि शेवंती सोबत जातात किंवा वाळतात. मेंदी बेबंद वाढते. मोकाट गाई आत शिरून तोंडाला लागेल ते ओरबाडतात. अशा बंद क्वार्टरच्या अंगणात फुलं असतातच, आणि ती सदाफुलीचीच असतात. पाणी घालणारं कोणी नाही आणि गाय तिला तोंड लावत नाही.

भाटा, मटासी, डोरसा, कन्हार

छत्तीसगडचा शेतकरी जमिनीचे चार प्रकार ओळखतो. काळी चिकणी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा, आणि उंचवट्यावरची लाल, मुरमाड, उथळ ती भाटा. धानाला पाणी धरून ठेवणारी जमीन लागते, त्यामुळे कन्हार आणि डोरशाला मान. भाट्यावर पाणी ठरत नाही. तिथे फार तर कोदो-कुटकी पेरायची, नाहीतर गुरं चारायची.

सदाफुलीला विचाराल तर ती नेमका उलटा क्रम लावेल. समुद्रकाठच्या वाळूत राहणाऱ्या झाडाला तीन गोष्टींची सवय असते. पाऊस पडला तरी पाणी क्षणात खाली निघून जातं, अन्नद्रव्यं जेमतेम असतात आणि ऊन-वारा अंगावर असतो. सदाफुलीची पानं गुळगुळीत, चकचकीत आणि किंचित जाडसर असतात ती त्यासाठीच. त्यांतून पाणी सहज उडत नाही. खारा वारा ती सोसते, म्हणून कोकणात पुळणीलगतच्या अंगणांतही ती आनंदाने वाढते. पण खारं असो की गोडं, मुळाशी तुंबलेलं पाणी तिला चालत नाही. भाट्यातला मुरूम आणि किनाऱ्यावरची वाळू यांचं रसायन वेगळं असेल, पाण्याच्या बाबतीतला स्वभाव मात्र एकच. क्वार्टर बांधताना टाकलेला भराव, विटांचे तुकडे, जुन्या प्लास्टरचा चुरा यांतूनही पाणी पटकन निथळतं. समुद्र नसला तरी समुद्रकाठाची जी अट होती ती भिलाईत पुरी होते.

एक अडचण मात्र इथे खास आहे. सदाफुलीला किंचित आम्ल माती मानवते. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असला की ती खूश. भाटा आम्लतेकडे झुकणारी, म्हणजे इथवर ठीक. पण भिंतीलगत चुन्याचा किंवा सिमेंटचा राडारोडा असेल, किंवा वाटेवर झोतभट्टीतल्या स्लॅगची खडी पडलेली असेल, तर तिथली माती विम्लधर्मी होते. स्लॅगमध्ये चुना भरपूर असतो. म्हणून तर तो सिमेंटला चालतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते शोषता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज आणणाऱ्या गावात झाडाला लोह कमी पडतं ते असं. भिंतीपासून हातभर लांब लावलं, वाफ्यात पालापाचोळ्याचं खत मिसळलं की बहुतेक वेळा नवी पानं हिरवी येतात. पानं पिवळी दिसली म्हणून युरिया टाकणारे पुष्कळ आहेत. त्याने झाड पानांनी फुगतं आणि फुलं रोडावतात.

बेटावरून बागेत

सदाफुलीच्या प्रजातीत, म्हणजे कॅथरँथसमध्ये, एकूण आठ जाती आहेत. त्यांतल्या सात फक्त मादागास्करच्या. आठवी, कॅथरँथस पुसिलस, आपल्याकडची. भारत आणि श्रीलंकेत शेतांत तणासारखी उगवणारी, बारीक पांढऱ्या फुलांची, वर्षभरात संपणारी. तिला बागेत कोणी आणत नाही. मान मिळाला तो परदेशी बहिणीला.

अठराव्या शतकात तिचं बी पॅरिसच्या राजउद्यानात पोहोचलं होतं. तिथून ते लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी बागेत फिलिप मिलर या माळ्याकडे आलं. मिलर साधा माळी नव्हता. युरोपभर बी-बियाण्यांची देवघेव करणारा आणि बागकामाचा जाडजूड कोश लिहिणारा तो माणूस होता. लिनियसने 1759 मध्ये तिला व्हिंका रोझिया असं नाव दिलं, म्हणून आजही नर्सरीवाले तिला 'व्हिंका' म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं सध्याचं नाव कॅथरँथस रोझियस. बागांमधून, बंदरांमधून आणि वसाहतींमधून ती उष्ण कटिबंधात सगळीकडे पसरली. मूळ बेटावर जंगलं जाळून शेती वाढत गेली आणि तिच्या काही सख्ख्या बहिणींवर संकट आलं. ही मात्र जगभर झाली.

इंग्लंडच्या हिवाळ्यात ती टिकत नाही, म्हणून तिकडे ती एका उन्हाळ्यापुरतं लावायचं फूल. आपल्याकडे ती बहुवर्षायू, तीन-चार वर्षं सहज काढणारी. याउलट युरोपच्या किनाऱ्यावरची अर्मेरिया बर्फ, मीठ आणि वादळ हसत सोसते, पण भिलाईच्या मे महिन्यात आणि त्यामागून येणाऱ्या पावसाळ्यात तिचा निभाव लागणार नाही. झाड काटक आहे असं म्हणताना कशाला काटक, हे विचारावं. सदाफुली उन्हाला, कोरडेपणाला, निकस मातीला काटक. थंडीला नाही, आणि साचलेल्या पाण्याला तर नाहीच.

फुलाच्या नळीत

सदाफुलीचं एक फूल हलकेच ओढून हातात घ्या. पाच पाकळ्या पंख्यासारख्या एका दिशेला किंचित कललेल्या, खाली दोन-अडीच सेंटिमीटरची बारीक नळी. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्याभोवती पिवळा किंवा गर्द लाल डोळा. नळी ब्लेडने उभी चिरली की भोकाच्या अगदी खाली पाच पुंकेसर दाटीने बसलेले दिसतात आणि त्यांच्या खाली एक चिकट, ढोलकासारखं डोकं. हे स्त्रीकेसराचं टोक. पराग पडतो तो या डोक्याच्या माथ्यावर, पण माथ्यावर तो रुजत नाही. त्याची जागा खाली, डोक्याच्या बुडाशी असलेल्या झालरीच्या कडेला. म्हणजे नर आणि मादी एकमेकांना चिकटून बसलेले, आणि तरी भेट नाही.

भेट घडवतं फुलपाखरू किंवा पतंग. मध नळीच्या तळाशी असतो, त्यामुळे लांब सोंडेशिवाय तिथे कोणाला प्रवेश नाही. सोंड आत जाते. ती बाहेर ओढताना आधीच्या फुलातून आणलेला पराग बुडाच्या झालरीला खरवडून लागतो, मग सोंडेला डिंक लागतो, आणि त्याच्यापुढे या फुलाचा नवा पराग त्या डिंकाला चिकटतो. एका ओढीत आधी देणं, मग घेणं. काही बागायती वाणांत परागाला फुलपाखराशिवायही वाट सापडते, म्हणून एकटं झाडही शेंगा धरतं.

याचा बागेतला परिणाम सोपा आहे. शेजारी पांढरी आणि गुलाबी लावली असेल तर बियांतून काय निघेल याची खात्री देता येत नाही. गुलाबी, पांढरी, लाल डोळ्याची पांढरी, सगळं एका वाफ्यात. महागड्या संकरित रोपाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत आईसारखं रूप क्वचितच येतं. ज्यांना तोच रंग हवा त्यांनी फाटे लावावेत.

फूल तीन-चार दिवस टिकतं आणि आपसूक गळून पडतं. गुलाबासारखं वाळकं फूल कातरत बसावं लागत नाही. फांदीच्या शेंड्याशी पानांच्या बगलेत नवी कळी तयारच असते, म्हणून झाड सतत भरलेलं दिसतं.

बी, फाटे आणि कात्री

फूल गळलं की त्याच्या जागी दोन बारीक, हिरव्या शेंगा जोडीने उभ्या राहतात. त्या पिवळसर पडायला लागल्या की त्याच दिवशी खुडाव्यात. वाट पाहिली तर शेंग एका बाजूने उकलते आणि बी मातीत जातं. बी काळं, बारीक, एका बाजूला खाच असलेलं. एका ग्रॅममध्ये साडेसातशेच्या आसपास बिया मावतात. कागदाच्या पुडीत सावलीत वाळवून ठेवावं. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि बुरशी येते.

पेरणीत दोन गोष्टी चुकतात. एक, बी अंधारात उगवतं. वरवर भिरकावलेल्यापेक्षा पाव इंच मातीखाली किंवा चाळलेल्या कोकोपीटखाली झाकलेलं बी चांगलं येतं. भिंतीच्या फटींत ते इतकं का रुजतं, याचं उत्तर यातच आहे. दोन, त्याला ऊब लागते. चोवीस-पंचवीस अंशांना आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो, कडाक्याच्या थंडीत तो महिनाभर बसून राहतो किंवा कुजतो. म्हणून भिलाईत किंवा विदर्भात फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलं की एप्रिल-मेच्या उन्हात, बाकी बाग करपत असताना, रोपं फुलावर येतात.

चार पानांवर रोपं सुटी करावीत. तीन-चार जोड्या पानं आली की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फुटवे येऊन झाड गोल भरतं. दोन रोपांत वीतभर तरी अंतर हवं. दाटीत हवा खेळत नाही. खत म्हणून दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं. दुसऱ्या वर्षापासून बुंधा लाकडी होतो, खालचा भाग उघडा पडतो. थंडी ओसरताच वीतभर ठेवून छाटणी केली की झाड पुन्हा भरून येतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जुनं काढून पोरांपैकी एखादं ठेवावं.

फाटे लावायचे ते पावसाळ्यात नव्हेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी चार बोटं लांबीची फांदी घेऊन खालची पानं काढावीत आणि ओलसर वाळूत सावलीला खोचावी. वाळू पुरे, शेणखत नको.

पावसाळ्यातली मर

भिलाईत सदाफुली मरते ती उन्हाळ्यात नाही, जुलै-ऑगस्टमध्ये. आधी शेंड्याकडची एखादी फांदी मान टाकते. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, तो झारी घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी फांदी तपकिरी-काळी, तिसऱ्या दिवशी शेजारची. आठवड्यात झाड खलास.

हा फायटोफ्थोरा. दिसायला बुरशीसारखा, पण त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यांना हलायला पाण्याचा पातळ पडदा पुरतो. पानावर साचलेला थेंब, मातीतून उडालेला शिंतोडा, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी. झारीने वरून पाणी घालणं म्हणजे त्याला आमंत्रण. मूळ समुद्रकाठी वाळू आणि वारा हा पडदा क्षणात वाळवतात. क्वार्टरच्या दोन भिंतींमधल्या कोंदट कुंडीत तो दिवसभर टिकतो. काकूंच्या कुंडीत झालं ते हेच असावं, आणि फाटकाशी न होण्याचं कारणही हेच.

बियाणं कंपन्यांनी यावर काम केलं आहे. 'कोरा' ही मालिका याच रोगाला दाद न देणारी म्हणून गाजली. पण वाण कुठलाही असो, चार पथ्यं पाळावी लागतात. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा मुरूम. पाणी सकाळी, बुंध्याशी, आणि वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवायची. रोगी झाड मुळासकट उपटून कचऱ्यात टाकावं, कंपोस्टमध्ये नाही. त्याच मातीत त्या वर्षी पुन्हा सदाफुली लावू नये.

दुसरा रोग वेगळा ओळखावा. पानं एकदम बारीक होतात, फांद्या झाडूसारख्या दाटतात, फुलांच्या जागी हिरवी पानं येतात. हा फायटोप्लाझ्मा, तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. याला औषध नाही. कितीही जीव अडकला तरी झाड उपटावं.

गाय टाकते, अळी खाते

सदाफुलीच्या झाडात शंभरावर अल्कलॉइडं आहेत. कडू आणि विषारी. गाय, शेळी, बोकड कोणी तिच्या वाटेला जात नाही. ज्या वसाहतीत मोकाट गुरं हा रोजचा प्रश्न आहे तिथे कुंपणाबाहेर लावायला याहून भरवशाचं फूल मिळणं कठीण.

पण एक गिऱ्हाईक आहे. कधी पाहाल, एका रात्रीत दोन फांद्या निष्पर्ण झालेल्या. खाली काळ्या मिऱ्यांएवढी लेंडकं. पानं उलटून पाहत गेलात की बोटाएवढी जाड, पोपटी अळी सापडते. डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे, शेपटीकडे आखूड पिवळसर शिंग. डोळे खोटे, पक्ष्यांना घाबरवण्यासाठी. ही कण्हेरीवरच्या ससाणा पतंगाची अळी. कण्हेर, तगर आणि सदाफुली या तिन्ही एकाच कुळातल्या विषारी झाडांवर ती वाढते, आणि हे विष तिला बाधत नाही. पुढे तिचा हिरव्या-गुलाबी नक्षीचा, जेटसारख्या आकाराचा पतंग होतो. फवारणीची गरज नाही. एका झाडावर एक-दोनच असतात, हाताने उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर सोडाव्यात. झाड पंधरा दिवसांत पुन्हा पानांनी भरतं.

पानातलं औषध आणि पानांचा काढा

सदाफुलीची सगळ्यात मोठी गोष्ट बागेबाहेरची आहे. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत असत. 1952 मध्ये तिथून काही पानं पाकिटात घालून कॅनडात पोहोचली आणि वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत आली. त्यांनी आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटतात तर ज्या कर्करोगात त्या बेसुमार वाढतात त्याच्यावर हे चालेल का, असा उलटा प्रश्न त्यांनी विचारला. 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं गेलं. अमेरिकेतली एली लिली कंपनीही याच झाडावर काम करत होती. अमेरिकेत 1961 मध्ये व्हिनब्लास्टिन आणि 1963 मध्ये व्हिन्क्रिस्टिन औषध म्हणून मंजूर झालं. व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांतलं मुख्य औषध आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

पानात ही द्रव्यं अत्यल्प असतात. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे पाचशे किलो वाळली पानं लागतात. म्हणून झाडाची शेती झाली; लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने 'निर्मल', 'धवल' असे शेतीचे वाण काढले. 2022 मध्ये डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी यीस्टच्या जनुकांत फेरफार करून या औषधाचे दोन कच्चे घटक टाकीत तयार करून दाखवले.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, सेक्टरातल्या गप्पांत मधुमेहाचा विषय निघाला की 'सकाळी चार पानं चावून खा' हा सल्ला हमखास येतो. महाराष्ट्रातही येतो. एका काकांनी मला तो दिला, आपण स्वतः खातो असंही सांगितलं. म्हणाले, "नैसर्गिक आहे हो, काय होते?" हीच पानं पांढऱ्या पेशी घटवतात, नसांवर परिणाम करतात, म्हणूनच ती कर्करोगाच्या औषधाला आली. डॉक्टर ही औषधं शिरेतून, मिलिग्रॅमच्या मापाने, रक्ताच्या तपासण्या करत देतात. अंगणातल्या पानात किती द्रव्य आहे हे कोणी मोजलेलं नसतं, आणि ते झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. त्यात माणूस आधीच साखरेच्या गोळ्या घेत असेल तर त्यांच्या जोडीने ही पानं काय करतील हे सांगता येत नाही. गाय जे टाकते ते आपण औषध म्हणून चावू नये, एवढा विवेक पुरे.

प्रदर्शनाबाहेरचं फूल

भिलाईत बागकामाची हौस मोठी आहे. मैत्रीबागेत कारखान्याच्या उद्यान विभागाचं पुष्पप्रदर्शन भरतं, आणि हिवाळ्यात डेलिया, शेवंती, गुलाबांच्या कुंड्यांना तिथे बक्षिसं मिळतात. ती मेहनतीची फुलं. महिनोन्‌महिने जपलेली, मोजून खत दिलेली. सदाफुलीला तिथे कोणी उभं करत नाही. हिवाळ्यात तीही जरा मंदावते, पानं फिकट होतात, फूल लहान येतं. प्रदर्शनात ती हरणारच.

एप्रिलमध्ये मात्र चित्र पालटतं. डेलियाचे कंद काढून ठेवलेले, पिटुनिया वाळलेली, गुलाब उन्हाने मिटलेला. नळाला पाणी ठरावीक वेळी, कूलरचं पाणी भरण्यातच निम्मं जातं. शहरांची पाण्याची गत दरवर्षी हीच होत चालली आहे, नागपूरची, अकोल्याची, लातूरचीही. अशा वेळी अंगणात, सोसायटीच्या कडेला, रस्त्याच्या दुभाजकावर काय लावायचं याचा विचार करताना पाण्याचा टँकर मागणारी झाडं आपण का लावतो, असा प्रश्न पडतो. हलक्या जमिनीवर, नावापुरत्या पाण्यावर, गुरांच्या तोंडातून सुटून जे फुलतं ते आपल्या दारातच आहे.

दिवाळीच्या सुमाराला सदाफुलीच्या शेंगा पिकायला लागतात. अंक बाजूला ठेवून अंगणात एकदा नजर टाका. पिवळसर झालेल्या शेंगांची जोडी खुडून कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर रंग लिहा आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पेरा. पानं खाऊ नका, मुलांनाही खाऊ देऊ नका. आणि रोपं हाताशी आली की पाणी घालायचा मोह होईल तेव्हा आधी मातीत बोट घालून पाहा. ओल लागली तर झारी खाली ठेवा.